आधी पाणी, मग हात

प्रश्न : ताई, दीड वर्षापूर्वी गडद निळी गाडी घेतली. सोसायटीत सकाळी एक भैया येतात, ते रोज फडक्यानं गाडी पुसतात. सावलीत गाडी छान दिसते. पण उन्हात उभी केली की बॉनेटवर कोळ्याचं जाळं पसरावं तशा बारीक गोल रेघा दिसतात. एका दुकानात दाखवली, तर पॉलिश करून वर कोटिंग करून घ्या म्हणाले. घरी काही करता येईल का? आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, बाकी बोरिंग.
– एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : पॉलिशचा विचार महिनाभर बाजूला ठेवा आणि उद्यापासून ते रोजचं पुसणं थांबवा. तुमच्या रेघा तिथूनच आल्या आहेत. रात्रभरात गाडीवर जी धूळ बसते, तिच्यात बारीक वाळू आणि खडीची भुकटी असते. ती रंगापेक्षा कितीतरी कठीण. तिच्यावरून फडकं फिरलं की दर सकाळी हलक्या हातानं पॉलिशपेपरच फिरतो म्हणा ना. फडकं ओलं असलं तरी फरक पडत नाही, कारण एकाच बादलीत बुडवून त्याच फडक्यानं आणखी चार गाड्या पुसलेल्या असतात.

एक गंमत करून बघा. उन्हात बॉनेटसमोर उभे राहा आणि डोकं थोडं डावीउजवीकडे हलवा. जाळंही तुमच्याबरोबर सरकेल. रेघा खरं म्हणजे गोल नाहीतच, त्या सगळ्या दिशांना आहेत. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती ज्या रेघा आडव्या येतात तेवढ्याच चमकतात, म्हणून ते वर्तुळ वाटतं. पांढऱ्या गाडीवरही त्या असतात, दिसत नाहीत इतकंच.

भैयांचं काम मात्र काढून घेऊ नका. त्यांना पूर्ण पैसे द्या आणि काम बदलून द्या : काचा, टायर, आतले पायपुसणे. आमच्या सुदामानगरातल्या भैयांना मी हे समजावलं, तेव्हा ते म्हणाले, ‘दीदी, आजपर्यंत कुणी सांगितलंच नाही.’ आता ते पत्रा पुसतच नाहीत.

पत्रा तुम्ही स्वतः धुवा, आठवड्यातून एकदा. सकाळी लवकर, बॉनेट हाताला गार लागेल तेव्हा. दोन बादल्या घ्या, एक शॅम्पूची आणि दुसरी नुसत्या पाण्याची. दुसरीच्या तळाशी जुनी प्लास्टिकची रोळी पालथी ठेवा. मायक्रोफायबरचा हातमोजा गाडीवर फिरवला की आधी साध्या पाण्यात त्या रोळीवर घासायचा, मगच शॅम्पूत बुडवायचा. रोळीखाली माती बसते आणि परत वर येत नाही. पहिल्यांदा ते पाणी ओतून देताना तळाला उरलेला गाळ बोटांनी चोळून बघा. हा सगळा खटाटोप कशासाठी, ते बोटांनाच कळेल.

पण मोजा लावण्याआधी गाडी नुसत्या पाण्यानं भिजवायची. हीच पायरी लोक गाळतात आणि माझा सगळ्यात जास्त आग्रह हिच्याचसाठी आहे. आपली मालव्यातली काळी माती वाळली की पत्र्याला घट्ट धरून बसते, तिला पाच मिनिटं भिजू द्यावं लागतं. पाइप लागतच नाही. आमच्या पाइपनं पंधरा लिटरची बादली सव्वा मिनिटात भरते, म्हणजे वीस मिनिटं पाइप चालू ठेवला तर 240 लिटर पाणी गेलं. मी झाडांना फवारायचा हातपंप वापरते. तीन बादल्यांत गाडी होते. टपापासून खाली या. दाराच्या खालचा भाग सगळ्यात शेवटी, आणि चाकांना वेगळं फडकं. ते फडकं चुकूनही रंगावर आणू नका.

शॅम्पू गाडीचाच घ्या. भांड्यांचा साबण तेलकटपणा काढायलाच बनवलेला असतो, तो मेणाचा थरही घेऊन जातो. कपड्यांची पावडर तर नकोच.

आता बोरिंगबद्दल. 2012च्या मे महिन्यात मी भर दुपारी बोरिंगच्या पाण्यानं गाडी धुतली आणि फोन आला म्हणून आत गेले. परत येईपर्यंत थेंब जागच्या जागी वाळून पांढरे ठिपके पडले होते. पाण्यातला चुना मागे राहतो, ऊन त्याला भाजून पक्कं करतं. मागच्या काचेवरचे काही ठिपके शेवटपर्यंत निघाले नाहीत. ती गाडी विकताना मला त्याचंच वाईट वाटत होतं. ताजे डाग असतील, तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं करून फडक्यानं मिनिटभर लावा आणि लगेच धुऊन टाका. त्याहून चांगलं म्हणजे भिजवायला आणि चाकांना बोरिंगचं पाणी वापरा, आणि नळ येईल त्या दिवशी एक बादली शेवटच्या धुण्यासाठी भरून ठेवा. नर्मदेचं पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सत्तरेक किलोमीटर वर चढवून आपल्याकडे येतं. त्यानं टायर धुवायला माझा हात धजत नाही. धुऊन झालं की मोठा मायक्रोफायबर टॉवेल पसरून नुसता ओढून घ्या, रगडू नका. हे टॉवेल सुती कपड्यांबरोबर धुऊ नका आणि त्यांना कपडे मऊ करणारं द्रावण लावू नका, धागे बुजतात.

असं महिनाभर केल्यावर नव्या रेघा थांबतील. जुन्या राहतील. रंगावरचा पारदर्शक थर साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा असतो, आपल्या केसाहूनही पातळ. पॉलिश म्हणजे तो थर रेघेच्या तळापर्यंत घासून सपाट करणं. त्यामुळे पॉलिश मोजकंच करावं, आणि धुण्याची पद्धत सुधारल्याशिवाय तर करूच नये, नाहीतर सहा महिन्यांत जाळं परत येईल आणि थर मात्र गेलेला असेल. कोटिंगचंही तेच. चुकीच्या फडक्यापासून ते वाचवत नाही. तूर्त सावलीत कार्नोबा मेणाचा अगदी पातळ हात द्या. बारीक रेघा बऱ्याच झाकल्या जातील आणि दोनेक महिने पाणी मोत्यासारखं घरंगळेल. पक्ष्यांची घाण पडली तर ओलं फडकं तिच्यावर दहा मिनिटं ठेवा, ती सुटली की उचला. खरवडू नका.

प्रश्न : रंगपंचमीला गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, बघायला गेलो होतो. गाडी जवाहर मार्गाजवळच्या गल्लीत लावली होती. परत आलो तर पांढऱ्या गाडीवर गुलालाचा थर आणि आत सीटवरही रंग. दरवर्षी हेच होतं.
– एक वाचिका, इंदूर

उत्तर : पुढच्या वर्षी निघण्याआधी मेणाचा हात द्या, काचा पूर्ण बंद करा, आणि सीटवर जुन्या चादरी घाला. गेरेचे टँकर आणि गुलाल उडवणाऱ्या तोफा आजूबाजूच्या गल्ल्याही सोडत नाहीत. बाहेरचा कोरडा गुलाल हातानं झटकू नका. भरपूर पाणी सोडून तो वाहू द्या, मग शॅम्पू. हे त्याच दिवशी व्हायला हवं. सीटचं याच्या अगदी उलट : तिथे आधी व्हॅक्यूम. पाणी लागलं की रंग कापडात उतरतो. रॉकेल आणि थिनर गाडीजवळ आणू नका.

प्रश्न : पावसाळ्यात माझ्या गाडीत पुढच्या सीटखाली पाणी साचतं, वास येतो. रबर बदलून झालं. गाडी कडुनिंबाखाली उभी असते.
– एक वाचक, इंदूर

उत्तर : उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यात असावं. बॉनेट उघडा आणि वायपरच्या खालची प्लास्टिकची जाळी बघा. फाल्गुन-चैत्रात गळलेली निंबाची पानं तिथे कुजून पाण्याची भोकं बुजवतात, मग पाणी वाट काढून आत येतं. बोटांनी पानं काढा, मग भोकांतून एक तांब्या पाणी ओता आणि ते चाकाजवळ खाली पडतंय का ते बघा. प्रत्येक दाराच्या खालच्या कडेलाही बारीक भोकं असतात, त्यात काळी माती बसते आणि दार आतून गंजायला लागतं. उदबत्तीच्या काडीनं ती मोकळी करा. आतला गालिचा उचलून दोन दिवस उन्हात वाळवा, नुसतं अत्तर मारू नका. मृग लागायच्या आत हे उरकून घ्या.