पाटी घेऊन चढणाऱ्या बाईने धरायचं कुठे?

पत्र, थोडक्यात: मी रेवस ते भाऊचा धक्का लाँचवर तांडेल आहे. मुलगी अकरावी सायन्सला, गणित चांगलं आहे. लहानपणापासून माझ्यासोबत लाँचवर येते, वहीत बोटी काढते. ‘बाबा, पाटी घेऊन चढणाऱ्या बाईला इथे धरायला काहीच नाही,’ असलं काहीतरी तिला सारखं दिसतं. तिला बोटींचं डिझाइन करायचंय. नातेवाईक म्हणतात, मर्चंट नेव्हीला घाला. तिने नेमकं काय शिकावं? आणि त्यात पोट भरेल का?

नमस्कार.

बोटीबद्दल तुम्हाला काही सांगण्याची माझी पात्रता नाही. मी मांडव्याला जाताना मधल्या बाकावर डोळे मिटून बसणारा माणूस. शिक्षणाचं तेवढं सांगतो.

आधी नातेवाइकांचा घोळ सोडवू. मर्चंट नेव्हीत जहाज चालवायचं असेल तर नॉटिकल सायन्स, इंजिन सांभाळायचं असेल तर मरीन इंजिनीअरिंग. जहाज आखतो तो नेव्हल आर्किटेक्ट, आणि त्याची नोकरी बहुतेक किनाऱ्यावरच. तुमच्या लेकीला हवंय ते या तिसऱ्याच्या आणि डिझायनरच्या मधोमध बसतं.

माझं मत सरळ आहे: गणित चांगलं असेल तर आधी नेव्हल आर्किटेक्चरची बी.टेक., डिझाइन नंतर. कारण सांगतो. हिवाळ्यात गेटवेच्या लाँचवर सीगल आले की सगळे प्रवासी गाठिया उडवायला एकाच बाजूला धावतात, हे तुम्ही रोज बघता. प्रवासी एका बाजूला गोळा झाले तर बोट किती कलेल, हा हिशेब प्रवासी बोटीच्या मंजुरीतच येतो. आता कुणी डिझायनर म्हणाला, वरच्या डेकवर छान बाक टाकू, लोकांना समुद्र दिसेल; तर वजन वर गेलं, बोट जास्त कलणार, सावरायलाही वेळ घेणार. हे गणित स्वतःला येत नसेल तर चित्र कितीही देखणं असो, दुसरा कुणीतरी त्यावर काट मारतो.

उलटंही होतं: हाताळणाऱ्या माणसाचा विचार कमी पडला की गणित एकटं पुरत नाही. २०१७ साली अमेरिकन नौदलाची ‘जॉन मॅकेन’ ही विनाशिका सिंगापूरजवळ एका टँकरवर आदळली, १० नौसैनिक गेले. प्रशिक्षणाच्या त्रुटी होत्याच, पण सुकाणू आणि इंजिनाचा वेग दोन्ही टचस्क्रीनवर होते. ताबा एका जागेवरून दुसऱ्या जागेवर गेला तो खलाशांना कळला नाही. त्यांना वाटलं, सुकाणूच बंद पडलं. पुढे नौदलाने वेगाच्या नियंत्रणासाठी हाताने ढकलायचे दांडेच परत बसवायचं ठरवलं. हातात दांडा असला की तो कुठवर सरकलाय ते न बघताही कळतं, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार!

भारतातलं चांगलं उदाहरण कोची वॉटर मेट्रोचं, २०२३ पासून चालू आहे. तिथला धक्का तरंगता आहे, बोटीबरोबर वर-खाली होतो, त्यामुळे व्हीलचेअरसुद्धा आत जाते. पण तिथे भरती-ओहोटीचा फरक जेमतेम मीटरभर. मुंबईत उधाणाला तो चार मीटरच्या वर जातो. तेव्हा कोचीचं उत्तर उचलून इथे बसवता येत नाही, आणि तुमच्या मुलीला काम आहे ते नेमकं इथेच.

आयआयटी खरगपूर आणि मद्रासला नेव्हल आर्किटेक्चर हा विषय आहे (जेईई ॲडव्हान्स्ड). इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीच्या विशाखापट्टणम केंद्रातही आहे, त्यासाठी आयएमयू सीईटी ही त्यांची प्रवेश परीक्षा. कोचीच्या कुसॅट विद्यापीठाचा अभ्यासक्रम जुना आणि नावाजलेला. पदवीनंतर सीड ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात एम.डेस. ही पदव्युत्तर पदवी करता येते. गणिताने बारावीत दगा दिलाच तर बारावीनंतरची यूसीड परीक्षा देऊन आधी बी.डेस. ही डिझाइनची पदवी, तो रस्ताही बंद नाही. फक्त बोटीच्या तळाचा आकार मग दुसऱ्याच्या हातात राहील.

पोटाचं विचारलंत. नुसत्या देखण्या यॉट आखायच्या असतील तर आपल्याकडे काम फार थोडं; त्याचा बाजार इटली, नेदरलँड्सकडे. नेव्हल आर्किटेक्टला मात्र माझगाव डॉक, गोवा शिपयार्ड, कोचीन शिपयार्ड, जहाजांची तपासणी करून प्रमाणपत्र देणारं पवईचं इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग अशी दारं आहेत. ‘पाटी कुठे ठेवायची’ या प्रश्नाला वेगळा पगार देणारं पद तिथे बहुधा नसेल. तो प्रश्न तिला आपल्या कामात स्वतःच घुसवावा लागेल.

दिवाळीच्या सुट्टीत तिला चार खेपा करू द्या, पण चित्रांच्या वहीऐवजी मापाची टेप द्या. पायरीची उंची, धक्का आणि लाँचमधली फट भरतीला किती नि ओहोटीला किती, लाइफजॅकेटच्या कपाटापर्यंत शेवटच्या बाकावरून किती पावलं, सगळं तिने लिहून काढावं. आणि पावसात कोणती पायरी निसटते, ते तुम्ही दाखवा.