कॅमेऱ्याच्या अंडरवॉटर हाऊसिंगला भोक पाडून बाहेरचा फ्लॅश जोडता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साधा कॉम्पॅक्ट कॅमेरा आहे, त्याचं ४० मीटरपर्यंत चालणारं पारदर्शक पॉलिकार्बोनेटचं (टणक प्लास्टिकचं) हाऊसिंग, म्हणजे पाण्याखाली कॅमेरा ठेवायची बंद पेटी आहे, आणि त्याला भोक पाडून वायर बाहेर काढून डायव्हिंगचा स्ट्रोब, म्हणजे पाण्याखाली चालणारा वेगळा फ्लॅश, जोडायचाय. जोडता येतो. मी जोडला होता, म्हणूनच सांगतो, ड्रिल खाली ठेवा.

माझ्या कॅमेऱ्याला निदान वर हॉट शू, म्हणजे बाहेरचा फ्लॅश जोडायची खाच, होता. मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटवरून पितळी केबल ग्लँड (भोकातून वायर घट्ट बाहेर काढायचा नट) आणला, गच्चीत बसून भोक पाडलं, कडेने सढळ हाताने अराल्डाइट भरलं. आत टिश्यू पेपर ठेवून हाऊसिंग रात्रभर बादलीत बुडवलं. सकाळी टिश्यू कडकडीत कोरडा. मी खूश. पुढच्या आठवड्यात तारकर्लीला नेलं, आणि आठ-नऊ मीटरवर स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात एक थेंब दिसला. कॅमेरा कलला की थेंब इकडून तिकडे पळायचा. सुरक्षित वेगाने वर यायचं म्हणजे घाई करता येत नाही, त्यामुळे त्या थेंबाचं डबकं होताना मी अगदी निवांत पाहिलं. खारं पाणी बॅटरीच्या झाकणापर्यंत पोचलं की कॅमेरा संपला.

बादलीत कळत नाही ते हे की दर १० मीटरला पाणी साधारण एक वातावरणाचा दाब वाढवतं, म्हणजे चौरस सेंटिमीटरला जवळजवळ १ किलो. हाऊसिंगचं मागचं दार १४ बाय १० सेंटिमीटर धरा. १० मीटरवर त्याच्यावर १४० किलोचा भार येतो. दाराच्या ओ-रिंगला, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कडीला, त्याचा फायदाच होतो, दार आणखी घट्ट दाबलं जातं. पण प्लास्टिक थोडं वाकतं, पितळ वाकत नाही, आणि मधल्या अराल्डाइटची पकड सुटते. शिवाय पॉलिकार्बोनेटला ड्रिल मारताना केसासारख्या चिरा पडू शकतात, त्या नुसत्या डोळ्यांना दिसतीलच असं नाही.

तुमच्या कॅमेऱ्याला हॉट शू नाही, म्हणजे वायर जोडायला कॅमेराच उघडावा लागेल. आत फ्लॅशचा कपॅसिटर असतो, ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज झालेला, आणि कॅमेरा बंद केला तरी तो लगेच रिकामा होत नाही. या वाटेला जाऊच नका.

वायरऐवजी उजेड बाहेर काढा. हाऊसिंग पारदर्शक आहे, कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश आत उडतो, आणि डायव्हिंगच्या बहुतेक स्ट्रोबना दुसऱ्या फ्लॅशचा उजेड पडला की उडणारा सेन्सर असतो. मधलं अंतर जोडायला ऑप्टिकल फायबर पुरतं. लॅमिंग्टन रोडला टीव्हीची ऑप्टिकल ऑडिओ केबल मागा; आत १ मिलिमीटरचा प्लास्टिकचा फायबर असतो. दोन्हीकडचे कनेक्टर उडवा आणि टोकं नव्या ब्लेडने एका दमात काटकोनात कापा. करवतल्यासारखं कापलंत तर टोक पांढुरकं होतं आणि उजेड अडतो. घट्ट दुमडूही नका.

हाऊसिंगवर फ्लॅशच्या समोर टणक काळ्या रबराचा तुकडा बसवा, त्यात केबलपेक्षा किंचित लहान भोक पाडून टोक दाबून घाला. मी तुकडा सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने आवळतो. फेविक्विक, थिनर असलं काही पॉलिकार्बोनेटला लावू नका, त्याने तडे जातात. रबराने फ्लॅशची खिडकी पूर्ण झाकली पाहिजे. लेन्सशेजारून निघालेला उजेड पाण्यातल्या गाळाच्या कणांवर आपटून थेट लेन्समध्ये येतो आणि फोटोत पांढरे ठिपके उमटतात. आपल्याकडच्या पाण्यात तर बर्फ पडतोय असं वाटेल.

आता जिथे मी दोन तास घालवले ती गोष्ट. दिवा बंद करून बाथरूममध्ये बादलीत पहिली चाचणी घेतली. स्ट्रोब झकास उडाला, भिंती पांढऱ्या झाल्या, आणि फोटो काळाकुट्ट. फायबर पुन्हा कापला, रबर हलवलं, तरी तेच. दोष फायबरचा नव्हताच. कॅमेरा ऑटोवर असला की खऱ्या फ्लॅशआधी उजेड मोजायला एक छोटा फ्लॅश मारतो. डोळ्यांना दोन्ही एकच वाटतात, पण स्ट्रोब पहिल्यावरच उडून मोकळा होतो. म्हणून कॅमेऱ्यात फ्लॅश मॅन्युअलवर ठेवा, कमीत कमी ताकदीवर. फायबरला बहुतेक वेळा तेवढा उजेड पुरतो आणि बॅटरीही वाचते. रेड-आय, म्हणजे डोळे लाल दिसू नयेत म्हणून आधी उजेड मारायची सोय, तीही बंद करा. मॅन्युअलची सोय नसेल तर पहिला फ्लॅश सोडून देणारी सेटिंग असलेला स्ट्रोबच घ्या.

खोल नेण्याआधी अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, ओहोटी लांब जाते तेव्हा, हाजी अलीच्या खडकांतल्या डबक्यांत घोटाभर पाण्यात वापरून पाहा. घरी आलात की हाऊसिंग बंद असतानाच गोड्या पाण्यात बुडवून ठेवा आणि बटणं दाबत राहा, मीठ तिथेच बसतं.

मेनूत फ्लॅश मॅन्युअल होतो का ते बघा आणि कॅमेऱ्याचं व स्ट्रोबचं मॉडेल लिहा, म्हणजे पुढचं सांगता येईल.