खडक एकच, माती दोन: काळ्या पट्ट्यात संत्रा लावण्याआधी

नागपूरजवळ हिंगण्याच्या पुढे घेतलेल्या वावराचं (शेताचं) तुम्ही केलेलं वर्णन वाचून राहवलं नाही. वरचा भाग भुरकट मुरमाड, नाल्याकडचा काळाभोर, माती परीक्षणाचा कागद म्हणतो 'फळबागेस योग्य', आणि संत्रा काळ्या भागात लावायचा बेत. भाऊ, काटोलकडच्या आमच्या वावराची हीच कुंडली आहे. मी कृषी पदवीधर नाही, त्यामुळे पुढचं सगळं एका बागायतदाराचं मत म्हणून वाचा.

खाली खडक एकच असताना माती दोन कशा, असं तुम्ही विचारलंय. आपल्या नागपूरच्या पश्चिमेच्या पट्ट्यात खाली बसाल्ट आहे, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यात क्वार्ट्झ (वाळूचं कठीण खनिज) जवळपास नसतं, म्हणून तो कुजला की वाळू फारशी उरत नाही. रामटेककडे नाईस या दुसऱ्या खडकाच्या जमिनीत क्वार्ट्झ न कुजता तसंच राहतं, म्हणून तिकडे रेताडपणा जास्त. चिकणमातीला खडकाचं पीठ समजू नका. बसाल्टातली फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन ही खनिजं पाण्याने हळूहळू विघटित होतात, त्यातून सिलिका, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम सुटतं आणि त्यांची नवीन खनिजं जुळतात. कोणती जुळतील हे निचरा ठरवतो. उतारावरून पाणी हा माल घेऊन जातं, सखल भागात तो साचतो, आणि तिथे स्मेक्टाइट, म्हणजे फुगणारं चिकणमातीचं खनिज, भरपूर तयार होतं. वरच्या भागातही थोडं असतंच, पण थर पातळ आणि खाली मुरूम, म्हणून पाणी उतरतं. कोकणात हाच बसाल्ट 2500 मिमीच्या वरच्या पावसात धुऊन निघतो आणि केओलिनाइट (न फुगणारं चिकणमातीचं खनिज) व लोहाचा जांभा होतो. आपल्याकडे पाऊस 1100 मिमीच्या आसपास, म्हणून चुना, मॅग्नेशियम इथेच राहतं.

केओलिनाइटमध्ये सिलिकाचा एक आणि ॲल्युमिनाचा एक असे थर घट्ट बसलेले असतात, पाणी आत शिरत नाही. स्मेक्टाइटमध्ये ॲल्युमिनाच्या दोन्ही बाजूंना सिलिका, आणि अशा दोन तिहेरी थरांमधला बंध ढिला. तिथे पाणी घुसतं, माती फुगते. उन्हाळ्यात वाळली की हात जाईल एवढ्या भेगा. याच रचनेमुळे ती अन्नद्रव्यं धरून ठेवते, केओलिनाइटपेक्षा कितीतरी पट जास्त. म्हणून पऱ्हाटीला (कापसाला) काळी जमीन मानवते. संत्र्याच्या मुळांना मात्र हवा लागते, आणि फुगलेल्या स्मेक्टाइटमध्ये हवेला वाट उरत नाही. (काळा रंग पाहून सेंद्रिय कर्ब भरपूर समजू नका, बहुतेक वेळा 1 टक्क्याच्या खालीच निघतो.)

आता त्या कागदाबद्दल, कारण आमचं खरं नुकसान तिथे झालं. कार्यालयाचं नाव घेत नाही. त्यांनी वरच्या वीतभर मातीचा नमुना घेतला; सामू (पीएच), क्षारता, नत्र, स्फुरद, पालाश लिहिलं आणि शिक्का मारला. चार फुटांखालची माती वेगळ्या पिशवीत भरून नेली तर उत्तर मिळालं, "फॉर्ममध्ये खोलीचा रकाना नाही." एका गट नंबरच्या जमिनीला एकच नमुना म्हणे! वरचा भुरकट आणि खालचा काळा भाग एकाच कागदावर, एकाच सरासरीत. पुढे झाडं पिवळी पडली, पानं पिवळी पण शिरा हिरव्या. पुन्हा तिथेच गेलो तर सल्ला आला, "खत कमी पडलं असेल." बसाल्टात लोखंडाची कमतरता नसते हो! चुनखडीने सामू 8 च्या वर गेला आणि मुळं ओलीत गुदमरली की तेच लोखंड झाडाला घेता येत नाही. त्यावर वरून खत ओतायला लावलं. मग डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) आला, आणि नाल्याकडच्या ओळी काढाव्या लागल्या. ज्या कागदावर खोलीच लिहिलेली नाही, त्याच्या भरवशावर बाग लावायला सांगणाऱ्याला मी आजही हात जोडतो, लांबूनच.

जमिनीत खोलवर नेमकं काय असतं? कोरड्या महिन्यांत चुना गोळा होऊन खडे बनतात. तो पाण्यातून बाहेर पडला की सोडियमचं प्रमाण वाढतं, चिकणमातीचे कण सुटे होऊन छिद्रं बुजवतात आणि पाणी अडतं. वरच्या मातीचा सामू ठीक दिसला तरी खाली हे चालू असू शकतं.

तेव्हा दोन्ही भागांत माणूस उतरेल असा खड्डा घ्या, निदान दीड मीटर. भिंतीवर तिरपे, घासून चकचकीत झालेले पृष्ठभाग दिसले तर ती माती दर वर्षी आतल्या आत सरकते. प्रत्येक फुटावर पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचे थेंब टाका. जोरात फसफसलं तर चुना भरपूर. मग पाणी भरा आणि दुसऱ्या दिवशी बघा किती उतरलं. खालच्या थराचा नमुना वेगळ्या क्रमांकाने, सोडियम आणि मुक्त चुन्यासह तपासणाऱ्या प्रयोगशाळेतच द्या.

माझ्या मते संत्रा वरच्या बाजूला, थर पुरेसा खोल निघाला तर; काळ्यात कापूस-तूर. काळ्यातच लावायचा हट्ट असेल तर उंच वरंबे आणि नाल्यापर्यंत चर आधी. जिप्सम सोडियम जास्त निघालं तरच. कोणी "वाळू मिसळा" म्हणालं तर ट्रॅक्टरचं भाडं त्यालाच द्यायला सांगा.

जाता जाता, कुंपणाची भिंत काळ्या पट्ट्यातून नेणार असाल तर पाया मुरमापर्यंत न्या, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यानंतर तडे जातात. आणि मुरमात पांढरे चकाकणारे स्फटिक दिसले तर क्षार समजून घाबरू नका, बसाल्टाच्या पोकळ्यांत झिओलाइट नावाचं खनिज सापडतं.

खड्डा घेतलात की दोन्ही भिंतींचे फोटो टाका, टेप लावून.