विंडोज ११ चढत नाही? आधी कोड वाचा

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि तेव्हापासून जुन्या डेस्कटॉपवाल्यांच्या प्रश्नांचा ओघ काही थांबत नाही. त्यातले चार प्रश्न आज घेतो.

प्रश्न : मी घरून डीटीपीची कामं करते. आठव्या पिढीचा आय-५ आहे, ८ जीबी रॅम आहे, तपासणीचं ॲप ‘चालेल’ म्हणतं. पण अपग्रेड रीस्टार्टनंतर अडकतं आणि विंडोज १० परत येतं. कोड ०एक्ससी१९००१०१ - ०एक्स२००१७. दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारू.

फॉरमॅट मारण्यात सोय दुकानदाराची आहे ताई, तुमची नाही. तुम्ही कोड जसाच्या तसा उतरवून पाठवलात, त्यामुळे अर्धं काम झालं. पहिला भाग बहुतेक वेळा ड्रायव्हरकडे (एखादं उपकरण विंडोजशी जोडणारं छोटं सॉफ्टवेअर) बोट दाखवतो. दुसऱ्या भागात ‘एक्स’नंतरचा पहिला आकडा बघा : २ असेल तर सेटअपची तात्पुरती छोटी विंडोज सुरू होतानाच गडबड झाली, ३ असेल तर नव्या विंडोजच्या पहिल्या बूटमध्ये, ४ असेल तर दुसऱ्या बूटमध्ये. तुमचा २ आहे.

डीटीपीवाल्यांकडे माझा पहिला संशय मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या डोंगलवर (परवान्यासाठी पीसीला लावायची छोटी किल्ली) असतो. नुसतं डोंगल काढून भागत नाही, त्याचा ड्रायव्हर आत तसाच बसलेला असतो. तो अनइन्स्टॉल करा. पण त्याआधी सॉफ्टवेअर देणाऱ्याला फोन करून विंडोज ११वर चालणारी आवृत्ती आहे का ते पक्कं विचारा. नाहीतर विंडोज चढेल आणि युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या तुमच्या सगळ्या जुन्या पत्रिका नि अहवाल उघडायचे वांधे होतील. ‘नाही’ असं उत्तर आलं, तर त्या मशीनवर विंडोज १०च राहू द्या.

उत्तर ‘हो’ आलं तर बाहेरून घेतलेला अँटिव्हायरस काढा, प्रिंटर-स्कॅनर-पेनड्राइव्ह सगळं उपटा, फक्त कीबोर्ड, माऊस, मॉनिटर ठेवा. सी ड्राइव्हवर तीसेक जीबी मोकळी करा. मदरबोर्डच्या कंपनीने नवं बायोस (पीसी सुरू करणारं मदरबोर्डचं सॉफ्टवेअर) दिलं असेल तर तेही टाका, फक्त त्या वेळी वीज जाणार नाही एवढं पाहा. तरी अडलंच तर मायक्रोसॉफ्टचं ‘सेटअपडायग’ हे मोफत टूल चालवा. ते लॉग (सेटअपने ठेवलेल्या नोंदी) वाचून अनेकदा नेमक्या ड्रायव्हरच्या फाइलचं नाव सांगतं.

प्रश्न : टीपीएम २.० (विंडोज ११ला लागणारी सुरक्षेची सोय) नाही असा संदेश यायचा. भाच्याने बायोसमध्ये जाऊन काहीतरी चालू केलं, आता विंडोजच सुरू होत नाही. ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ म्हणतं. हार्डडिस्क गेली का?

डिस्क गेलेली नसावी. इंटेलच्या बोर्डवर टीपीएम ‘पीटीटी’ नावाने दडलेलं असतं, एएमडीवर ‘एफटीपीएम’. ते चालू करणं बरोबरच होतं. पण सोबत त्याने सिक्युअर बूटसाठी (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) ‘सीएसएम’, म्हणजे जुन्या पद्धतीने बूट होऊ देणारी सोय, बंद केलेलं दिसतंय. तुमची डिस्क पार्टिशनच्या नोंदी ठेवायच्या जुन्या एमबीआर पद्धतीची असेल, तर यूईएफआयला (बायोसचं नवं रूप) तिच्यावरून बूट करता येत नाही.

सीएसएम परत चालू करा, विंडोज १० उठेल. मग सगळ्यात आधी डेटाचा बॅकअप, बाहेरच्या डिस्कवर. त्यानंतर विंडोजमध्येच असलेली ‘एमबीआर२जीपीटी’ ही डिस्क एमबीआरमधून नव्या जीपीटी पद्धतीत नेणारी कमांड ॲडमिन म्हणून चालवायची, पहिल्यांदा फक्त ‘व्हॅलिडेट’ लावून, म्हणजे नुसती तपासणी. त्या डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर ती तिथेच नकार देते. रूपांतर झालं की मगच सीएसएम बंद. एक अडचण राहते : फार जुनं ग्राफिक्स कार्ड असेल तर सीएसएम बंद केल्यावर स्क्रीन काळीच राहते. तसं झालं तर ते कार्ड काढून मॉनिटरची केबल मदरबोर्डवरच्या पोर्टला लावून बघा.

प्रश्न : कोअर २ ड्युओवर तपासणी चुकवून विंडोज ११ टाकलं होतं, छान चालत होतं. २४एच२ (विंडोज ११ची २०२४ची मोठी आवृत्ती) मात्र काही केल्या बसत नाही.

बसणारही नाही. २४एच२ला प्रोसेसरमध्ये ‘पॉपकाउंट’ ही आज्ञा (इन्स्ट्रक्शन) लागते आणि कोअर २ ड्युओमध्ये ती नाहीच. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांची नोंदवही) कितीही खटपट केली तरी प्रोसेसर बदलत नाही. नेट नि पत्रव्यवहार एवढंच काम असेल तर एसएसडी टाकून हलकं लिनक्स घ्या. ज्यांचं मशीन त्यापेक्षा नवं आहे पण आठव्या पिढीच्या आधीचं आहे, त्यांनी विंडोज १०वरच राहून वाढीव सुरक्षा अपडेट घ्यावेत हे बरं. घरगुती ग्राहकांसाठी त्यांची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ आहे. जबरदस्तीने चढवलेल्या ११ला पुढचे अपडेट मिळतीलच, अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

प्रश्न : दुकानातल्या पीसीवर अपडेट डाउनलोडच होत नाही. रोज सकाळी तारीख मागच्या कुठल्यातरी सालात गेलेली असते.

मदरबोर्डवरचा सेल संपलाय. बहुतेक बोर्डवर तो सीआर२०३२ असतो, घड्याळजीकडेही मिळेल. तारीख चुकली की सुरक्षा प्रमाणपत्रं खोटी ठरतात आणि अपडेटचा सर्व्हर दारातूनच परत पाठवतो. विजेची वायर काढून सेल बदला. मग तारीख लावताना बायोसमध्ये पीटीटी आणि बूटची पद्धत पूर्वीसारखीच आहे ना, तेही तपासा. सेल गेला की या नोंदीही पुसल्या जाऊ शकतात.