नागपूर पाऊण तासात का येत नाही?

प्रश्न : काका, लेक नागपूरला दिली आहे. जानेवारीत नातीचं बारसं. पुणे–नागपूर हवाई अंतर ६०५ किलोमीटर, विमान ताशी ८०० किलोमीटर जातं म्हणे. मग पाऊण तास पुरे. तिकिटावर जवळजवळ दीड तास कसा? आणि परतीला आणखी थोडा जास्त का?
– एक आजोबा, कोथरूड

उत्तर : आजोबा, गणित तुमचं चोख आहे, अंतरही बरोबर. पडताळायचं तर शाळेचा नकाशा काढा. दोन विमानतळांत अक्षांशाचा फरक अडीच अंश, म्हणजे सुमारे २८० किलोमीटर. रेखांशाचा पाच अंशांहून थोडा जास्त. आपल्याकडे रेखांशाचा एक अंश साधारण १०५ किलोमीटर भरतो, म्हणजे ५३७. आता पायथागोरस लावा. रस्त्याने सातशेच्या वर जातं ते वेगळं.

चूक आहे ती ‘८००’ सरसकट धरण्यात. लोहगावला तीस वर्षं मी विमानांचे वजनाचे कागद भरले, त्यामुळे हे मला पाठ आहे. जेट विमानाला ३३ हजार फुटांवर चढायला वीस मिनिटं तरी लागतात. उतरण्याचा वैमानिकांचा ठोकताळा असा : जितके हजार फूट, त्याच्या तिप्पट सागरी मैल आधी खाली यायला लागायचं. ३३ त्रिक ९९, म्हणजे १८३ किलोमीटर. चढण आणि उतार वजा केले तर पूर्ण वेगाने धावायला उरतं किती? जेमतेम दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर.

शिवाय तिकिटावरची वेळ हवेतली नसतेच. चाकांखालचे ठोकळे, आम्ही त्यांना चॉक म्हणायचो, ते इथे काढल्यापासून तिथे लावेपर्यंतची ती वेळ. लोहगावचा तळ मुळात हवाई दलाचा, धावपट्टी एकच. सुखोई निघायची असली की आपण थांबायचं. त्यातून वारा पश्चिमेचा असला तर विमान विश्रांतवाडीकडे तोंड करून उडतं आणि मग पूर्वेला वळतं. तीही मिनिटं जातात. आणि कंपन्या वर थोडी शिल्लक ठेवतात, म्हणजे उशिरा निघूनही ‘वेळेवर पोहोचलो’ सांगता येतं. ही चलाखी आहे, पण माझी तक्रार नाही; पुढचं विमान गाठणाऱ्याला तीच उपयोगी पडते.

परतीचं म्हणाल तर हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून वाहतो. जाताना तो पाठीशी, येताना तोंडावर.

खरी भीती मला कोथरूड ते लोहगावची वाटते. संध्याकाळचं विमान असेल तर त्या रस्त्याला नागपूरच्या प्रवासाएवढाच वेळ धरून घराबाहेर पडा. बारसं दुपारचं असलं तर पहाटेचं विमान बरं, रस्ते मोकळे मिळतील. उजेड होता होता उडणारं मिळालं तर डावीकडची खिडकी मागा. पुणे–नागपूर सरळ रेषा ओढली, तर जवळजवळ मधोमध, रेषेच्या चौदा-पंधरा किलोमीटर उत्तरेला लोणारचं सरोवर येतं. धुकं नसलं आणि वैमानिकाने वाट फार वाकडी केली नाही, तर ती गोल वाटी वरून दिसते. मला सात खेपांत दोनदाच दिसली.