नाशिकहून लहान मुले आणि वृद्धांना घेऊन नदीकाठी, पाणथळीत व समुद्रकिनाऱ्यावर पायी फिरण्यासाठी कुठे जावे?

आपल्या घरात चार वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि गुडघेदुखी असलेल्या सासूबाई आहेत, आपण नाशिकला नव्याने राहायला आला आहात, आणि डोंगर न चढता पाण्याच्या सोबतीने तासाभराचे चालणे होईल अशा जागा कोणत्या, त्यात एखादा समुद्रकिनारा बसवता येईल का, असे आपण विचारले आहे. मुले लहान असताना आणि आता वयस्कर आईला बरोबर घेऊन मी याच परिसरात फिरत आलो आहे, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर सविस्तर द्यावेसे वाटते.

नाशिकला फिरण्याचा विषय निघाला की ब्रह्मगिरी, अंजनेरी, हरिहर आणि पावसाळ्यातले धबधबे एवढीच नावे पुढे येतात. यांतली एकही जागा आपल्या कुटुंबासाठी पहिली निवड नाही. विशेषतः पावसाळ्यात धबधब्यांकडे जाणाऱ्या पायवाटांवर बसाल्टच्या खडकाला शेवाळ धरलेले असते, वरच्या डोंगरावर कोसळलेल्या सरीचा लोंढा खाली ऊन पडलेले असतानाही येऊ शकतो, आणि गर्दीत लहान मुलाचा हात धरून परत फिरणेही अवघड होते. जागा निवडताना अंतर आणि प्रसिद्धी पाहण्याऐवजी तिथले पाणी कोणत्या महिन्यात आणि कोणत्या वेळी आपल्याला जवळ येऊ देते, हे आधी पाहावे असे माझे ठाम मत आहे. नदीचे वेळापत्रक धरणाच्या दारांवर ठरते, पाणथळीचे ऋतूवर आणि सिंचनाच्या आवर्तनांवर, समुद्राचे तिथीवर. ही तीन वेळापत्रके समजली की चार वर्षांच्या मुलीलाही नाशिकभोवतालचा फार मोठा प्रदेश मोकळा होतो.

सर्वात अधिक मी नांदूर मध्यमेश्वरविषयी लिहिणार आहे, कारण माझ्या मते आपल्या अटींत तंतोतंत बसणारी याहून चांगली जागा जिल्ह्यात नाही. निफाड तालुक्यात, नाशिकपासून सुमारे साठ किलोमीटरवर, गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, इंग्रजांच्या काळात, कालव्यांसाठी बंधारा घालण्यात आला. वरून येणारा गाळ त्यामागे वर्षानुवर्षे साचत गेला, जलाशय उथळ झाला, मधेमधे बेटे तयार झाली, पाणवनस्पती माजल्या, आणि पाणी साठवण्याच्या दृष्टीने जे नुकसान ठरले तेच पक्ष्यांच्या पथ्यावर पडले. 1986 साली हे क्षेत्र पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि त्याला रामसर पाणथळ स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाल्याचे जानेवारी 2020 मध्ये जाहीर झाले. असा दर्जा मिळालेले महाराष्ट्रातले ते पहिले ठिकाण आहे. राजस्थानातल्या भरतपूरच्या प्रसिद्ध पक्षी अभयारण्यावरून त्याला महाराष्ट्राचे भरतपूर म्हणतात.

चापडगावच्या बाजूने वनविभागाचे प्रवेशद्वार, माहिती केंद्र आणि निरीक्षण मनोरे आहेत. पाण्याच्या कडेने जाणारी वाट जवळजवळ सपाट आहे, त्यामुळे सासूबाईंना चढउताराचा त्रास होणार नाही. मनोऱ्याच्या पायऱ्या त्यांना नकोशा वाटल्या तरी काही बिघडत नाही, कारण काठावर शांतपणे बसलेल्या माणसाला बदके आणि पाणकोंबड्या कित्येकदा मनोऱ्यावरच्या माणसापेक्षा जवळून दिसतात. त्यांच्यासाठी घडीचे स्टूल मात्र आठवणीने न्यावे. स्थानिक तरुण वाटाडे म्हणून काम करतात आणि त्यांच्याकडे मोठ्या दुर्बिणीही असतात. पहिल्या खेपेला वाटाड्या अवश्य घ्यावा, कारण त्या आठवड्यात कोणता थवा कोणत्या बेटावर उतरतो आहे हे त्यांनाच ठाऊक असते आणि त्यांना मिळणारा मोबदला गावातच राहतो, ज्याचा या पाणथळीच्या राखणीशी थेट संबंध आहे.

काय दिसेल हे महिन्यावर अवलंबून आहे. पावसाळ्यात बंधाऱ्याची दारे उघडी असतात, खालच्या बाजूला जायकवाडीकडे विसर्ग सुरू असतो आणि गढूळ पाण्याच्या त्या वेगात पाहण्यासारखे फारसे नसते. पाऊस ओसरताना, सप्टेंबरच्या शेवटी, तरंगत्या पानांवरून चालणारा लांब शेपटीचा कमळपक्षी दिसण्याची शक्यता असते. या पक्ष्यात मादी आकाराने मोठी असते, आणि अंडी उबवण्याचे व पिले सांभाळण्याचे काम नर करतो; आपल्या मुलाला ही गोष्ट सांगून पाहावी, माझ्या मुलाने त्यानंतर प्रत्येक पक्ष्याबाबत घर कोण सांभाळते हे विचारायला सुरुवात केली होती. नोव्हेंबरपासून उत्तरेकडचे पाहुणे येऊ लागतात: चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, कधी हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंस, आणि नशीब असेल तर क्रौंच. कपाळावर पांढरा टिळा असलेले काळे वारकरी पक्षी तर शेकड्यांनी असतात. दलदल ससाणा खालून घिरट्या घालू लागला की हे वारकरी एकमेकांना बिलगून पाण्यावर काळा ठिपका करतात, आणि ते दृश्य दुर्बिणीशिवायही मुलांना स्पष्ट दिसते.

येथे एक बारकावा आहे. जलाशय काठोकाठ भरलेला असेल तर बदके दूर मध्यभागी राहतात आणि लांब पायांच्या पक्ष्यांना उभे राहायला उथळ जागाच नसते. सिंचनासाठी पाणी सोडले जाऊन पातळी उतरली आणि चिखलाचे पट्टे उघडे पडले की शेकाटे, चमचे आणि रंगीत करकोचे काठाशी येतात. चमच्या आपली चपटी चोच पाण्यात डावीउजवीकडे हलवत पुढे जातो. चार वर्षांचे मूल जे पाहत अर्धा तास एका जागी थांबू शकते, असे मी पाहिलेले हे एकमेव पक्षीदृश्य आहे. म्हणून जायच्या आधी वाटाड्याला पाण्याच्या पातळीविषयी फोनवर विचारून घ्यावे. तारीख एक आठवडा पुढेमागे करण्याने फार फरक पडतो.

निघण्याची वेळ अशी ठरवावी की सूर्योदयाच्या सुमारास आपण काठावर असाल आणि ऊन पाठीशी राहील. समोरून ऊन आले की पाणी चमकते आणि पक्ष्यांच्या केवळ सावल्या दिसतात. निफाडचा पारा हिवाळ्यात राज्याच्या मैदानी भागात सर्वांत खाली जाणाऱ्यांपैकी आहे, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत मुलांना कानटोप्या आणि सासूबाईंना जाड शाल हवीच. दुर्बीण घ्यायची असल्यास आठपट वर्धनाची घ्यावी, कारण दहापट वर्धनाची दुर्बीण लहान हातांत थरथरते आणि मुलाला काहीच न दिसल्याने त्याचा हिरमोड होतो. भडक रंगाचे कपडे आणि मोबाइलवरची गाणी दोन्ही टाळावीत.

त्या भागातल्या तीन धोक्यांची कल्पना स्पष्टपणे दिली पाहिजे. पहिला म्हणजे चिखल: वरून सुकून भेगाळलेला गाळ आतून ओला असतो आणि त्यात मुलाचा पाय गुडघ्यापर्यंत रुततो, म्हणून मळलेली वाट सोडू नये. दुसरा म्हणजे बिबट्या. गोदावरी आणि दारणा यांच्या काठचा उसाचा पट्टा हा बिबट्यांचा वर्षानुवर्षांचा निवारा आहे, आणि खाली वाकलेले किंवा बसलेले लहान मूल त्याला भक्ष्यासारखे वाटू शकते. उसाच्या बांधावर मुलांना शौचाला एकटे बसवू नये, मुलांना मोठ्या माणसांच्या मध्ये चालवावे आणि संध्याकाळ होण्याच्या आत गाडीत बसावे. एवढी काळजी घेतल्यास घाबरण्याचे कारण नाही. तेथील शेतकरी कुटुंबे हीच काळजी रोज घेतात. तिसरा धोका कोणाच्या लक्षात येत नाही, तो म्हणजे रस्त्याकडेच्या द्राक्षबागा. त्यांवर वारंवार औषधांची फवारणी होते, म्हणून मुलांना घड तोडून तोंडात घालू देऊ नये, आणि फवारणीचा ट्रॅक्टर चालू असलेल्या बागेशेजारी थांबूही नये.

शहराजवळच्या नदीकाठाविषयी थोडक्यात लिहितो. आनंदवल्ली ते सोमेश्वर हा गोदावरीचा पट्टा हिवाळ्याच्या सकाळी छोट्या फेरीसाठी चांगला आहे. करंज आणि उंबराची सावली, खडकाळ पात्र, खंड्या आणि बगळे हे सारे शाळेच्या सुट्टीची वाट न पाहता रविवारी उरकता येते. आणखी खाली शहरातून जाणारे पाणी स्वच्छ नाही आणि पाणवेलींनी अनेकदा झाकलेले असते, त्यामुळे तपोवनातला कपिला संगम पाहण्यासारखा असला तरी तिथे मुलांना पाण्यात उतरवू नये. पावसाळ्यात मात्र गंगापूर धरणातून किती क्युसेक विसर्ग सुरू आहे ही बातमी वाचल्याशिवाय नदीकाठी पाऊल टाकू नये. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागले की छातीला, यावरून नाशिककर पुराचा अंदाज घेतात. आपण नवे आहात म्हणून सांगतो, तो मारुती लांबून, पुलावरून पाहणे हीच पुराच्या दिवसांतली सुरक्षित फेरी होय.

खोऱ्यातून चालण्याची हौस असेल तर गिरणारेच्या पलीकडे, गंगापूर जलाशयाच्या वरच्या अंगाला असलेल्या गावांमधले छोटे रस्ते मला सर्वांत आवडतात. पाऊस ओसरल्यानंतर, ऑक्टोबरमध्ये, भाताची खाचरे हिरवी-पिवळी झालेली असतात, वाहने कमी असतात आणि डांबरी रस्ता असल्याने सासूबाईंना आधाराची काठी घेऊन चालता येते. खाचरांच्या बांधांवरून चालायचे असेल तर शेतमालकाला विचारावे. बांध फुटला तर त्याचे पाणी आणि पीक जाते. ओढ्याकाठच्या बाभळीवर लोंबणारी सुगरणीची घरटी मुलांना दाखवावीत, परंतु ती रिकामी दिसली तरी तोडू नयेत.

आता समुद्राकडे येतो. नाशिक जिल्ह्याला किनारा नाही, परंतु त्र्यंबकेश्वर, मोखाडा, जव्हारमार्गे पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-बोर्डीपर्यंतचे अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. घाटवळणांमुळे मुलांसह वेळ बराच लागतो, त्यामुळे एक मुक्काम करूनच जावे. एका दिवसात जाऊन परत येण्याचा आग्रह धरला तर मुलांच्या वाट्याला फक्त गाडीतली उलटी येते. डहाणू तालुका 1991 च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवण्यात आला, त्यामुळे किनाऱ्यामागच्या चिकूच्या वाड्या टिकून राहिल्या, आणि घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. दुपारी वाड्यांमधल्या सावलीच्या रस्त्याने आणि संध्याकाळी वाळूवरून, असे दोन वेगळ्या प्रकारचे चालणे तिथे एकाच दिवशी होते.

बोर्डीचा किनारा फार सपाट असल्याने ओहोटीला पाणी बरेच दूर जाते. भरतीच्या वेळेचा अंदाज घेण्यासाठी कोकणपट्टीतले लोक एक सोपा हिशेब वापरतात: तिथीला तीनने गुणून चारने भागावे. अष्टमीला उत्तर सहा येते, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि भर दुपारी ओहोटी. पौर्णिमेला सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी साधारण साडेपाचला. मुलांसाठी पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपासचे दिवस मला सोयीचे वाटतात, कारण संध्याकाळी ऊन उतरताना ओली, घट्ट वाळू मोकळी होते आणि तीवर चालताना वृद्धांचे गुडघे कोरड्या भुसभुशीत वाळूपेक्षा कमी दुखतात. मात्र हे उधाणाचे दिवस असतात, भरती मोठी आणि वेगाने येते, आणि सपाट किनाऱ्यावर पाणी कधी कधी आपल्या मागच्या खोलगट पट्ट्यात आधी भरते; म्हणून ओहोटीचा तळ गाठला गेला की परत फिरायला लागावे. हा हिशेब केवळ बेत आखण्यापुरता आहे, प्रत्यक्ष वेळ त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून किंवा कोळी बांधवांकडून निश्चित करावी.

त्या उघड्या वाळूवर इवलेसे खेकडे बिळाभोवती वाळूच्या गोळ्या रचून ठेवतात, तुतवार पक्षी लाटेच्या कडेने धावतात, आणि खाडीच्या तोंडाशी तिवरांच्या मुळांमध्ये चिखलावर उड्या मारणारे निवटे मासे दिसतात. निवटे काठावरून, कोरड्या जमिनीवर उभे राहूनच पाहावेत. खाडीचा गाळ नांदूरच्या गाळापेक्षाही खोल असतो. जून ते सप्टेंबर या काळात किनाऱ्याला जाण्याचा विचारच करू नये.

आपल्या घरातली वये पाहता माझा सल्ला असा की, या हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला किमान दोन वेळा जावे, एकदा नोव्हेंबरच्या अखेरीस आणि एकदा जानेवारीच्या शेवटी, आणि समुद्र फेब्रुवारीतल्या पौर्णिमेच्या सुमारास ठेवावा. शक्य असेल तर नांदूरला रविवारऐवजी शनिवारी जावे, कारण रविवारी सहलींची गर्दी होते. न्याहारी घरूनच डब्यात न्यावी, आणि मुलीला पहाटे झोपेतून उठवण्याऐवजी पांघरुणासकट उचलून गाडीत ठेवावे. तासाभराचा तो प्रवास तिचा झोपेतच होतो आणि काठावर पोहोचल्यावर ती ताजी असते.