आधी स्टोअर बघा, मग स्क्रीन

या वेळच्या पत्रांत एक विषय पुन्हा पुन्हा आला: ज्युनिअर कन्सल्टंटची नोकरी. बहुतेक पत्रं कारखान्यांत एसएपी, म्हणजे खरेदी, साठा आणि हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर, बसवून देणाऱ्या कंपन्यांमधल्या नव्या मुलामुलींची आहेत, एक पत्र एका मुलीच्या वडिलांचं आहे. मी भोसरीतल्या एका कारखान्याच्या परचेस खात्यातून या कामात आले. एमएम, म्हणजे खरेदी आणि साठ्याचं मॉड्यूल, हेच पुढे माझं काम राहिलं. त्यामुळे माझी उत्तरं त्या बाजूने येतील.

प्रश्न: ताई, मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. पुण्यातल्या एका कन्सल्टिंग कंपनीत लागून काही महिने झाले. सध्या शेंद्रा एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आमचं प्रोजेक्ट चालू आहे. माझ्या वाट्याला मीटिंगचे मिनिट्स, एक्सेल शीट आणि सिनिअरच्या स्लाइड्स एवढंच येतं. स्टोअरमधले लोक धड बोलत नाहीत. ‘कालची पोरं तुम्ही, आम्हाला काय सांगणार?’ असं एकाने तोंडावर सांगितलं. मग माझा इथे उपयोग काय?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: ते स्टोअरवाले खरं बोलले, वाईट वाटून घेऊ नकोस. त्यांना काही सांगायला तू तिथे गेलेलीच नाहीस. पहिल्या प्रोजेक्टवर विचारायचं आणि बघायचं काम असतं, आणि ते नीट करणारी ज्युनिअर मला नेहमी स्लाइड्स छान करणाऱ्या ज्युनिअरपेक्षा जास्त मोलाची वाटली आहे.

उद्या सकाळी कॉन्फरन्स रूममध्ये न जाता गेटवर जा. माल घेऊन आलेला एक टेम्पो धर आणि त्यातला माल रॅकवर जाईपर्यंत त्याच्या मागे राहा. सिक्युरिटीवाला रजिस्टरमध्ये काय लिहितो? चलनावर पीओ, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरचा, नंबर नसेल तर टेम्पो परत पाठवतात की फोन करून आत घेतात? माल मोजतात की वजन करतात? क्वालिटीवाला येईपर्यंत तो कुठे पडून राहतो? आणि उत्पादनाची लाइन थांबली म्हणून तपासणीआधीच कुणी उचलून नेला, तर त्याची नोंद कोण ठेवतं? तुमच्या प्रोजेक्टच्या कागदावर याच्या जागी ‘गुड्स रिसीट’ लिहिलेला एक चौकोन असेल.

नट-बोल्टचंच बघ. खरेदी किलोवर होते, लाइनला माल नगावर दिला जातो. स्टोअरचे काका काट्यावर थोडे नग ठेवून बाकीचा हिशेब करतात आणि वर्षानुवर्षं तो बरोबर येतो. मटेरियल मास्टरच्या, म्हणजे प्रत्येक मालाच्या मूळ नोंदीच्या, शीटमध्ये बेस युनिट किलो टाकायचं की नग, हा रकाना मात्र तुझ्यासारखी ज्युनिअर भरते. एकदा साठा चढला, पीओ निघाल्या, की ते युनिट बदलणं जवळजवळ अशक्य असतं. बऱ्याचदा नवा कोड काढून सगळा साठा तिकडे वळवावा लागतो. रूपांतराचा आकडा चुकला असेल तर आणखी वाईट. एसएपीत मालाच्या प्रत्येक हालचालीला आकडी कोड असतो; लाइनसाठी २६१ ने माल द्यायला जावं, तर सिस्टीम ‘साठा अपुरा’ म्हणून अडते आणि तोच माल समोर रॅकवर दिसत असतो. त्या क्षणी शिव्या काकांना बसतात. म्हणून तुझी ती एक्सेल शीट हलकं काम नाही. ती स्टोअरमध्ये उभं राहून भर.

दुसरी गोष्ट जॉबवर्कची. आपल्याकडे फोर्जिंग एकाकडे, मशीनिंग दुसऱ्याकडे, हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंग आणखी कुणाकडे, असंच काम चालतं. बाहेर गेलेल्या मालाची मालकी आपलीच, पण तो आपल्या छताखाली नाही. एसएपीत तो ५४१ ने जॉबवर्करच्या नावावर जातो. काम होऊन आलेला भाग १०१ ने आत घेतला की बाहेरचा साठा ५४३ ने वजा होतो. त्यात जीएसटी कायद्याचं कलम १४३ आहे: जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल साधारणपणे वर्षाच्या आत परत आला नाही किंवा तिथूनच विकला गेला नाही, तर तो पाठवला त्याच दिवशी विकला असं धरतात आणि कर लागतो. आता प्लेटरकडे पडून राहिलेले रिजेक्ट नग, हीट ट्रीटमेंटहून कमी आलेली बॅच, एका चलनावर गेलेला आणि तीन हप्त्यांत परत आलेला माल, हे सगळं कुठे लिहिलेलं असतं? स्टोअरच्या वहीत.

मला हे काम शिकवणारे भोसरीतले स्टोअरकीपर दहावीही झालेले नव्हते. त्यांच्या वहीत काही ओळींवर लाल शाईची खूण असे. कागदावर आलेला पण प्रत्यक्षात न आलेला माल, अशी ती खूण. पुढे मी ज्या ज्या कारखान्यात गेले तिथे आधी अशी खूण शोधली. बहुतेक ठिकाणी ती कुणाच्या ना कुणाच्या वहीत सापडली, आणि प्रोजेक्टचे सगळ्यात अवघड प्रश्न तिथेच होते.

वही मागू नकोस. ‘काका, तुम्ही हे कसं करता ते बघू का?’ एवढं विचार आणि लॅपटॉप बंद ठेवून उभी राहा. त्यांच्या मनात काय आहे तेही ओळख. एसएपी आलं की माणसं कमी करणार, ही भीती प्रत्येक स्टोअरमध्ये असते. ‘तसं काही होणार नाही’ असं सांगू नकोस, ते तुझ्या हातात नाही. तुझ्या हातात आहे ते दे. एखाद्या मालाची हालचाल एमबी५१ या स्क्रीनवर कशी दिसते ते टेस्ट सिस्टीममध्ये त्यांच्याच मालाचा कोड टाकून दाखव. ज्या माणसाने महिनाअखेरीला वह्या जुळवत रात्री काढल्या आहेत, त्याला तुझ्या स्क्रीनमध्ये काय आहे ते लगेच कळतं.

मिनिट्सबद्दलही एक सांगते. कोण काय बोललं ते उतरवून काढू नकोस. काय ठरलं, कुणी करायचं, कोणत्या तारखेपर्यंत, एवढं लिही. आणि जे ठरलं नाही ते ‘निर्णय बाकी’ म्हणून आवर्जून लिही. यूएटीच्या वेळी, म्हणजे कारखान्याचे लोक स्वतः चाचणी घेतात तेव्हा, ‘आम्ही असं सांगितलंच नव्हतं’ हे वाक्य येतंच येतं. तेव्हा सगळे तुझे मिनिट्स उघडतात.

प्रश्न: माझी मुलगी चाकणच्या एका कारखान्यात क्लायंटकडे कन्सल्टंट म्हणून बसते. गेला महिनाभर ती रात्री उशिरापर्यंत तिथेच असते, रविवारीही फोन चालू. विचारलं तर ‘गो-लाइव्ह आहे’ म्हणते. हे असंच कायम राहणार का? आम्ही काळजीत आहोत.
– एक पालक, कराड

उत्तर: तुमची काळजी अगदी योग्य आहे. आधी ती काय करते आहे ते सांगते. जुनी सिस्टीम बंद करून नवी चालू करायची, तो टप्पा म्हणजे गो-लाइव्ह. बहुधा महिनाअखेर धरतात. माल मोजून साठा नव्या सिस्टीममध्ये चढवायचा, अर्धवट राहिलेल्या पीओ आणायच्या, पुरवठादारांची देणी, ग्राहकांकडची येणी, बँकेतली शिल्लक आणायची आणि जुन्या ताळेबंदाशी रुपयापर्यंत जुळवायची. मग पहिला ट्रक नव्या सिस्टीमच्या बिलावर बाहेर पडतो. इनव्हॉइस किंवा ई-वे बिल निघालं नाही तर ट्रक गेटच्या आत उभा राहतो आणि पलीकडे गाड्या बनवणाऱ्या कंपनीची लाइन त्या मालाची वाट बघत असते. म्हणून ती मुलं रात्री तिथे थांबतात. त्यानंतर साधारण महिनाभर ‘हायपरकेअर’ असतं, म्हणजे अडचण आली की लगेच सोडवायला टीम तिथेच थांबते. पहिला महिना सिस्टीममध्ये बंद झाला की ताण उतरतो.

कायम असं राहत नाही. पण पुढच्या प्रोजेक्टच्या गो-लाइव्हला पुन्हा येईल, हेही खरं आहे. गो-लाइव्ह जवळपास नसताना महिनोन्‌महिने रात्रीच काम चालत असेल, तर प्रोजेक्टचं नियोजन चुकलेलं असतं आणि ते तिने मॅनेजरला सांगायलाच हवं. मुलगी मेहनती आहे म्हणून तिच्यावर भार टाकत राहणं मला मान्य नाही.

रात्रीच्या कामाबद्दल तिला एक गोष्ट ठाऊक असू द्या. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला तिच्या संमतीशिवाय कामाला ठेवता येत नाही आणि सुरक्षिततेची व वाहनाची सोय करणं मालकावर बंधनकारक आहे. कारखान्यातून निघताना गाडी तिच्या कंपनीने दिलेली हवी. चाकणच्या रस्त्यावर रात्री अकराला रिक्षा शोधायची वेळ तिच्यावर येता कामा नये. याबाबतीत तिने अजिबात संकोच करू नये.

प्रश्न: मला कंपनीत सहा महिने झालेत. क्लायंटला पाठवलेल्या माझ्या सीव्हीवर तीन वर्षांचा अनुभव लिहिला आहे. मॅनेजर म्हणतात, सगळे असंच करतात, कॉलवर विचारलं तर तीन वर्षंच सांग. मला झोप लागत नाही. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर: सांगू नकोस.

यावर माझं मत ठाम आहे. क्लायंट त्या तीन वर्षांच्या हिशेबाने पैसे मोजतो, म्हणजे ही फसवणूक आहे आणि तिच्यावर नाव तुझं आहे. पकडलं जाणंही अवघड नसतं. पुढची कंपनी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करते तेव्हा पीएफच्या यूएएन नावाच्या कायम खाते क्रमांकावर कुठे, कधीपासून नोकरी होती ते दिसतं. तेव्हा हा मॅनेजर तुझ्या बाजूने उभा राहायला नसेल. पण पकडला जाशील हे मला दुय्यम वाटतं. तीन वर्षांचा म्हणून तुला बसवलं की कुणी काही शिकवत नाही आणि तुला विचारताही येत नाही. मालाच्या नोंदी हिशेबाच्या खात्यांना जोडणाऱ्या ओबीवायसी या सेटिंगमध्ये कोणतं खातं कुठे जोडायचं हे न विचारता अंदाजाने केलंस, तर कारखान्याचे जमाखर्च चुकीच्या खात्यात जात राहतील. नवखा असताना विचारण्याची मुभा ही तुझ्याकडची सगळ्यात मोठी गोष्ट आहे, आणि ती तुझ्याकडून काढून घेतली जाते आहे.

कसं करायचं ते सांगते. मॅनेजरला छोटी मेल लिही: ‘क्लायंटला गेलेल्या सीव्हीत माझा अनुभव चुकीचा आला आहे, खरा सीव्ही जोडला आहे, कृपया बदलावा.’ आरोप नको, स्पष्टीकरण नको. त्या मेलची प्रत स्वतःजवळ ठेव. कॉलवर अनुभव विचारला तर जे काम केलं आहे तेच सांग: ‘एका प्रोजेक्टच्या टेस्टिंगमध्ये होतो, पीओ ते मिरोपर्यंतची, म्हणजे पुरवठादाराचं बिल नोंदवेपर्यंतची, टेस्ट स्क्रिप्ट्स मी लिहिली.’ नेमकं काम सांगणाऱ्या मुलाला घेणारे क्लायंट मी पाहिले आहेत. तरीही हे प्रोजेक्ट हातचं जाऊ शकतं, काही काळ बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, बसावं लागेल, कदाचित कंपनी बदलावी लागेल. घरी तशी कल्पना देऊन ठेव. मी तुझ्या जागी असते तर ती किंमत दिली असती.

प्रश्न: मी बी.कॉम. आहे, इचलकरंजीत एका कारखान्यात पाच वर्षं अकाउंट्स बघतो. एसएपी कन्सल्टंट व्हायचं आहे. कोर्स करू का? उशीर झाला का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: उशीर झालेला नाही. एसएपीच्या जुन्या ईसीसी आवृत्तीचा मुख्य सपोर्ट २०२७ अखेर संपतो, जास्तीचे पैसे भरून तो २०३० पर्यंत मिळतो. त्यामुळे अनेक कारखाने २०१५ मध्ये आलेल्या एस/४हाना या नव्या आवृत्तीवर जात आहेत आणि अकाउंट्स समजणारी माणसं लागत आहेत.

तुमचं भांडवल कोर्समध्ये नाही, त्या पाच वर्षांत आहे. १९६१ च्या आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आलं, करनिर्धारण वर्ष २०२४-२५ पासून. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत चुकवायचं. नाहीतर वर्षअखेरीला थकलेली रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून धरता येत नाही. म्हणजे प्रत्येक पुरवठादाराच्या मास्टरमध्ये उद्यमची, म्हणजे लघुउद्योग म्हणून झालेल्या सरकारी नोंदणीची, नोंद हवी आणि पेमेंट टर्म्स त्याप्रमाणे हव्यात. हे तुम्ही हाताने करत आला आहात. नव्या पदवीधराला हे समजावायला वेळ लागतो. तुम्ही फक्त स्क्रीन शिकायची. एफआय, म्हणजे हिशेबाचं मॉड्यूल, घ्या. नोकरी सोडून कोर्स करू नका. आणि ‘नोकरीची हमी’ म्हणून अनुभवाचा दाखला विकणाऱ्या क्लासच्या पायरीवरही जाऊ नका; सांगलीच्या वाचकाचं पत्र वर आहेच.

प्रश्न: माझं इंग्रजी कच्चं आहे. फंक्शनल स्पेसिफिकेशन लिहायला घेतलं की हात थांबतो.
– एक वाचक, नांदेड

उत्तर: स्पेसिफिकेशन म्हणजे प्रोग्रॅमरला काय बनवायचं ते सांगणारा कागद. तो वाचणारा प्रोग्रॅमर बहुधा दुसऱ्या शहरात बसलेला असतो आणि त्याने तो कारखाना कधी पाहिलेला नसतो. त्याला भारी इंग्रजी नको असतं. छोटी वाक्यं लिही, एका वाक्यात एकच अट. प्रत्येक अटीखाली खरे आकडे घालून उदाहरण दे: पीओ १०० किलोची, आले ९८, स्वीकारले ९५, नाकारले ३, तर कोणत्या रकान्यात काय दिसायला हवं. स्क्रीनचा फोटो लाव. चूक झाली तर कोणता संदेश यावा तो जसाच्या तसा लिही. सुचत नसेल तर आधी मराठीत लिहून काढ. आणि पाठवण्याआधी टीममधल्या एमएम न येणाऱ्या कुणाला तरी वाचायला दे. तो जिथे अडेल तेवढीच ओळ पुन्हा लिही.